बरे न करणारे प्रेम : ‘एम आणि हूमराव’

प्रेम आणि मनोविकार एकाच कादंबरीत आले, की शेवट बहुधा आधीच ठरलेला असतो : नायकाच्या मायेने नायिका भानावर येते, नाहीतर तिच्या मरणाने त्याची सुटका होते. जेरी पिंटो यांनी वाचकाची अशी सोय केलेली नाही. त्यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये आली, तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने ती मराठीत आणली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी वाचकाने ती जरूर वाचावी, असे माझे मत आहे. हलकीफुलकी प्रेमकथा हवी असेल, तर मात्र हात लावू नये.

माहीमच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये राहणारे हे मूळ गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब. आई इमेल्डा म्हणजे एम, वडील ऑगस्टीन म्हणजे हूमराव, मुलगी सुसान आणि ज्याचे नाव आपल्याला कधीच कळत नाही असा निवेदक मुलगा. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो आणि आपल्या बेळगावच्या कॅम्प भागातही अशी घरे आहेत, त्यामुळे हे वातावरण आपल्याला परके वाटत नाही. मुलाच्या जन्मानंतर एमचा आजार डोके वर काढतो. कधी ती अखंड बोलत सुटते, विड्या ओढते, चहावर चहा पिते, पोटच्या पोरांशी बोलू नये ते बोलून त्यांना हसवते; आणि कधी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तिला जे. जे. रुग्णालयाच्या ३३ क्रमांकाच्या वॉर्डात न्यावे लागते. (निपाणीच्या तंबाखूवर ज्यांचे संसार चालले, त्या आमच्या भागात बायकांनी विड्या वळलेल्या चालतात, ओढलेल्या चालत नाहीत, एमच्या हातातली विडी म्हणूनच माझ्या अधिक लक्षात राहिली.)

कादंबरीचा खरा जीव आहे तो या दोघांच्या लग्नाआधीच्या दिवसांत. एकाच ऑफिसात काम करणारी ही माणसे बारा वर्षे एकमेकांबरोबर फिरतात, मग कुठे लग्नाला उभी राहतात. एमची जुनी पत्रे आणि टिपणे मुलगा वाचतो, आणि त्यांतून टायपिंग करून घर चालवणारी, पगार आईच्या हातावर ठेवणारी, शब्दांशी खेळण्यात रमणारी, लग्नाला मनातून बिचकणारी एक खट्याळ तरुणी आपल्यासमोर उभी राहते. आधी वॉर्ड आणि नंतर प्रेमपत्रे, असा उलटा क्रम पिंटो यांनी लावल्यामुळे पुढचे सारे ठाऊक असलेल्या वाचकाला पत्रांतल्या थट्टेवरही मोकळेपणी हसता येत नाही. मुलगा त्या मजकुरात आजाराची पहिली खूण शोधत राहतो. हेच आपल्याही रक्तात असेल का, ही त्याची भीती त्या शोधामागे आहे. ऑगस्टीनचे प्रेम शब्दांत फारसे येत नाही. तो नोकरी करतो, घर सांभाळतो, दवाखान्याच्या फेऱ्या मारतो आणि सोडून जात नाही. लिथियम हे औषध लागू पडते तेव्हा घराला काही काळ उसंत मिळते, पण त्या उसंतीला लेखक बरे होणे म्हणत नाही.

धारवाडचे मनोरुग्णालय, म्हणजे आजची डिमहान्स संस्था, बेळगावहून बसने दोनेक तासांवर असताना, ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून मिरज-कोल्हापूर गाठणारी, किंवा त्याआधी देवऋषी आणि अंगारेधुपारे यांत वर्ष घालवणारी घरे आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. धाकट्या बहिणीचे लग्न जमायचे आहे, हे कारण त्यामागे हमखास असते. एमच्या घरात मुलांना आईला थेट विचारता येते आणि आई स्वतःच्या वेडावर स्वतःच विनोद करते, हे आपल्याकडच्या वाचकाला औषधापेक्षाही नवे वाटेल. काळाचा फरक मात्र ध्यानात ठेवावा. कादंबरीतल्या काळात आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि उपचार म्हणून भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली.

तक्रारी दोन आहेत. हूमराव फार निर्दोष उतरले आहेत. इतकी वर्षे हे ओझे वाहणारा माणूस कधीतरी करवादतो, दार आपटून बाहेर जातो, नशिबाला बोल लावतो; मुलाच्या आदरापोटी ते सारे गाळले गेले असावे, पण कादंबरीकाराने मुलापेक्षा थोडे अधिक पाहायला हवे होते. दुसरे, सुसान कडेलाच राहते. आजारी आईच्या घरात मुलीच्या वाट्याला काय येते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही, आणि नेमके तेच इथे निसटते.

ज्यांच्या घरात सध्या असा रुग्ण आहे, त्यांनी सुरुवातीचा रुग्णालयातला भाग एका बैठकीत वाचू नये. निवेदन सरळ रेषेत जात नसल्यामुळे पत्रांची पाने आधी वाचली तरी कथेचा धागा तुटत नाही. उलट्या क्रमाचा परिणाम थोडा उणावेल, इतकेच.