लुडुसावी : विखुरलेल्या सेव्ह फाइल शोधणारे आणि जपणारे सॉफ्टवेअर

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या गेमची प्रगती, म्हणजेच सेव्ह फाइल, नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये साठवायची, याला कोणताही एक नियम नाही. त्यामुळे बॅकअप घेऊ पाहणाऱ्याचा बहुतेक वेळ फाइल शोधण्यातच जातो. विंडोजवर ‘द विचर ३’ आपल्या फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि ‘एल्डन रिंग’ ॲपडेटा फोल्डरमधील रोमिंगमध्ये ठेवतात, युनिटी इंजिनावरचे (इंजिन म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर) बरेच गेम ॲपडेटामधीलच लोकल-लो फोल्डर वापरतात, तर अनरिअल इंजिनावरचे बहुधा तिथल्याच लोकलमध्ये जातात. त्यातच ॲपडेटा हे फोल्डर विंडोजमध्ये मुळातच लपवलेले असते. काही गेम तर काही नोंदी थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या अंतर्गत नोंदवहीत, लिहितात, म्हणजे फोल्डर सापडून त्याची कॉपी केली तरी काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.

लुडुसावी हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नेमके हे शोधाचे काम अंगावर घेते. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, आणि डाउनलोड केलेली फाइल उघडली की इन्स्टॉल न करताही सुरू होते. कोणत्या गेमची फाइल कुठे असते याची माहिती ते पीसीगेमिंगविकी या खेळाडूंनीच जोपासलेल्या माहितीकोशावरून घेते. १९,००० हून अधिक गेमच्या नोंदी त्याच्याकडे आहेत. यादीत नसलेला एखादा गेम असेल, तर त्याचे फोल्डर आपण स्वतः नोंदवू शकतो.

मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे प्रिव्ह्यू. ते बटण दाबल्यावर सॉफ्टवेअर एकही फाइल न हलवता संगणक धुंडाळते आणि सापडलेल्या गेमची यादी आकारासह मांडते. एखाद्या गेमच्या नावावर क्लिक केले की त्याच्या फाइल पूर्ण पत्त्यांसह उलगडतात. बॅकअप घ्यायचा नसला तरी निव्वळ ‘माझी सेव्ह फाइल आहे तरी कुठे?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी एवढे पुरते. यादीतील नको असलेल्या गेमसमोरची खूण काढून टाकता येते. ही यादी एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय बॅकअपचे बटण दाबू नये, असे माझे मत आहे.

बॅकअप साठवण्याची पद्धतही प्रामाणिक आहे. झिपचा पर्याय आहेच, पण साध्या पद्धतीत प्रत्येक गेमच्या नावाचे एक फोल्डर तयार होते, त्यात ‘ड्राइव्ह-सी’पासून मूळ पत्ता जसाच्या तसा उभा राहतो, आणि सोबत कोणती फाइल मुळात कुठली हे सांगणारी साध्या मजकुराची एक ‘मॅपिंग’ फाइल असते. उद्या हे सॉफ्टवेअर उपलब्ध नसले, तरी फाइल हाताने उचलून मूळ जागी ठेवता येतील. बॅकअप आपल्याच कुलपात बंद करून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा मला हे कधीही अधिक भरवशाचे वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. प्रत्येक गेमच्या किती जुन्या प्रती राखायच्या हा आकडा सेटिंगमध्ये ठरवता येतो, पण मूळ मांडणीत तो एकच असतो, म्हणजे नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. सेव्ह फाइल खराब झाल्याचे लक्षात येण्यापूर्वी बॅकअप घेतला गेला, तर हाती तीच खराब फाइल उरते. म्हणून पहिल्याच दिवशी हा आकडा वाढवून घ्यावा. स्टीम या गेमविक्रीच्या दुकानाच्या ऑनलाइन साठवणीवर, म्हणजे स्टीम क्लाउडवर, विसंबणाऱ्यांनीही हाच धोका ध्यानात घ्यावा, कारण ती सोय मुळात संगणकांमधील फाइल जुळवून ठेवण्यासाठी आहे. एका संगणकावर पुसली गेलेली किंवा बिघडलेली फाइल ती दुसरीकडेही तशीच पोहोचवू शकते, शिवाय प्रत्येक गेम तिला जोडलेला नसतो.

लिनक्सवर प्रोटॉनद्वारे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे स्टीमचे साधन) गेम खेळणाऱ्यांना या सॉफ्टवेअरचा फायदा अधिक आहे, कारण तिथे सेव्ह फाइल स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ या फोल्डरमधल्या केवळ आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या फोल्डरच्या पोटात असते.

ठरावीक वेळी आपोआप बॅकअप घेण्याचे वेळापत्रक मात्र आत दिलेले नाही. त्यासाठी विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामे चालवणारे साधन) किंवा तत्सम साधन जोडावे लागते, आणि ज्याने कधी कमांड लिहिलेली नाही त्याला तिथे अडखळायला होईल. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या ठिकाणी प्रत पाठवण्याची सोय आहे, परंतु ती आरक्लोन या वेगळ्या प्रोग्रॅमवर चालते. ही जुळवाजुळव नको असेल, तर बॅकअपचे फोल्डर अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणे सोपे पडते. ते त्याच डिस्कवर राहू दिले तर डिस्कबरोबर तेही जाईल.

रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधून फाइल परत आणताना, दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव बदलले असेल, तर जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवण्यासाठी ‘रीडायरेक्ट’चा पर्याय वापरावा. आणि जुनी फाइल परत आणल्यावर स्टीमने क्लाउडमधील प्रत वेगळी असल्याचे सांगितले, तर घाईने होकार न देता संगणकावरील प्रत निवडावी, नाहीतर नुकतीच आणलेली फाइल क्लाउडमधील प्रतीखाली पुसली जाईल.