टीपी-लिंक आर्चर सी६: राउटर चांगलाय, पण घ्यायच्या आधी वायर लावून बघा

आर्चर सी६ घेऊन आता बरेच महिने झालेत, म्हणजे नव्याची नवलाई संपल्यावरचा रिव्ह्यू आहे हा. दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो आणि तेवढ्या पैशात मला तरी तक्रार नाही. पण "नेट स्लो झालंय" म्हणून कोणी डोळे झाकून ऑर्डर करणार असेल तर जरा थांबा, कारण नेट नेमकं कुठे अडतंय हे कळल्याशिवाय हा घ्या नाहीतर दहा हजारांचा घ्या, पैसे पाण्यात.

आमचा पुण्यात साधा टू बीएचके, फायबरचं कनेक्शन, प्लॅन २०० एमबीपीएसचा. कनेक्शनसोबत जो डबा फुकट मिळतो, ज्याला खरं तर ओएनटी म्हणतात पण सगळे मोडेमच म्हणतात, तो जोडणाऱ्याने टीव्ही युनिटच्या मागे सेट टॉप बॉक्सला खेटून कोंबलेला. हॉलमध्ये सगळं झकास, बेडरूममध्ये मीटिंग चालू केली की समोरच्याचं तोंड उघडंच राहिलेलं आणि आवाज कधीतरी मागून येतोय. तक्रार केली तर लाइनमन दादा आले, डब्याशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट मारली, "ताई, इथे तर फुल येतंय" म्हणाले आणि गेले. खोटं नव्हते बोलत, पण मी काय टीव्ही युनिटला टेकून ऑफिस करू का?

तर पहिली टेस्ट कायम वायरने. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडायचा, वायफाय बंद करायचं आणि मग टेस्ट मारायची, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या दरम्यान. वायरवर प्लॅनइतका स्पीड येतोय म्हणजे लाइन ठणठणीत, घोळ घरातल्या वायफायचा. दुपारी येतोय आणि रात्री वायरवर पण झोपतोय तर मग तो कंपनीच्या बाजूचा लोड. जीपॉन फायबरवर (घरोघरी फायबर वाटायची पद्धत) डाउनलोडची साधारण २.५ जीबीपीएसची एक लाइन स्प्लिटर म्हणजे वाटणाऱ्या डबीतून बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, त्यात आणि ऑपरेटरने वरून किती बँडविड्थ घेतलीय हा वेगळाच मामला. तिथे कुठलाही राउटर काही करू शकत नाही, तक्रार टाकायची, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा, ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जायचं, ट्राय म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या नियमांत ती सोय आहे. आणि डब्यावर लॉस (LOS, म्हणजे सिग्नल गायब) लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर डबा बंद-चालू करत बसू नका, बहुतेक वेळा फायबरच तुटलेली किंवा कुठेतरी मुरगळलेली असते, कपाट सरकवताना हमखास होतं हे. अजून एक, २०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबीनेच होणार, ते बघून "१७५ गेले कुठे" म्हणून भांडू नका, आमच्याकडे सासऱ्यांनी भांडून झालंय.

आमच्याकडे वायरवर १९० च्या आसपास येत होतं आणि बेडरूममध्ये वायफायवर १५-२०, म्हणजे चोर सापडला. तो फुकटचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला. हा बँड भिंतीतून बरा जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत वायफायची यादी उघडली की अख्ख्या विंगची आडनावं वाचून होतात. वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह पण त्याच बँडमध्ये.

मग सी६ घेतला. यात ५ गिगाहर्ट्झ आहे आणि मुख्य म्हणजे सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. याच्याहून स्वस्त आर्चर सी२० मिळतो, तो पण ड्युअल बँडच, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, त्यामुळे १०० च्या वरचा प्लॅन असेल तर तो घेऊच नका. खोक्यावर एसी१२०० लिहिलंय ती २.४ च्या ३०० आणि ५ च्या ८६७ ची वर गोल केलेली बेरीज आहे, एका फोनला १२०० मिळणार असं काही नसतं.

सेटअप टीपी-लिंकच्या टेदर ॲपवरून चहा उकळेपर्यंत झाला. पण स्पीड बघते तर ९४! कितीही वेळा मारा, ९३-९४. हा आकडा लक्षात ठेवा, ९४-९५ ला अडकलं की कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा फालतू केबल आहे. डबा आणि राउटरमध्ये लाइनमननी लावलेली जी केबल होती तिच्या क्लिपमध्ये आठातल्या चारच तारा दाबलेल्या, आणि गिगाबिटला आठही लागतात. कॅट ६ ची तयार केबल आणली, लगेच १९० च्या वर. आता बेडरूममध्ये दार लावून १३०-१४० मिळतात.

न आवडलेलं म्हणाल तर यूएसबी पोर्ट नाही आणि वायफाय ६ (याच्या पुढची पिढी) नाही, पण घरात ते चालणारे फोनच एक-दोन, त्यामुळे मला फरक पडत नाही. ५ गिगाहर्ट्झ दोन आरसीसी भिंतींपलीकडे धापा टाकतो, तो कुठल्याही राउटरचा टाकेल, म्हणून राउटर पॅसेजमध्ये उंचावर ठेवलाय आणि दोन्ही बँडची नावं वेगळी ठेवलीत, टीव्ही-लॅपटॉप ५ वर, स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर २.४ वर. ऑफिसचं व्हीपीएन किंवा मुलांचं गेमिंग अडखळत असेल तर सी६ ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, नाहीतर डबा पण राउटर आणि हा पण राउटर असं डबल होतं. जुन्या डब्याचं वायफाय मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर फोन सवयीने त्यालाच जाऊन चिकटतात.

३ बीएचके किंवा रो हाऊस असेल तर एकट्या सी६ वर भागणार नाही, मेश, म्हणजे दोन-तीन युनिट मिळून एकच वायफाय, तेच बघा. दोन खोल्यांच्या घराला पाचातले चार स्टार.