टीव्ही मालिकांवरचे बोर्ड गेम: कुठला घ्यायचा आणि कुणासोबत खेळायचा

परवा माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. ताई, गणपतीत आमच्याकडं सगळी जमणार आहेत, ह्यांना गेम ऑफ थ्रोन्स आवडतं, पोरांना केबीसी आवडतं, मालिकेवरचा एखादा बोर्ड गेम घेऊ म्हणते, कुठला घेऊ? मी म्हटलं फोनवर सांगून व्हायचं नाही, लिहूनच पाठवते, आणि लिहायला बसले तर एवढं झालं की म्हटलं सगळ्यांनाच वाचू दे. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी पावसाळ्यातले शनिवार असेच जातात, बाहेर धो धो पाऊस, लाईटचा भरवसा नाही, मग टेबल ओढायचं, इमर्जन्सी दिवा लावायचा आणि दीर, नणंद, शेजारची दोन कॉलेजची पोरं असं सगळ्यांनी बसायचं. त्यामुळं जे लिहितेय ते खेळून लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते कारण दुकानात बॉक्स बघून इथंच फसायला होतं. मालिकेवरचे गेम दोन जातीचे असतात. एका जातीत जुनाच खेळ असतो आणि वर मालिकेतले फोटो छापलेले असतात. दुसऱ्या जातीत ती मालिका बघताना पोटात जे होतं ना, संशय, भीती, दगा, तेच खेळताना व्हावं म्हणून नियम मुद्दाम तसे बांधलेले असतात. बॉक्सवर दोन्हींचे फोटो सारखेच झकास असतात, म्हणून फोटो विसरायचे आणि विचारायचं की ही चित्रं काढून टाकली तरी मी हा खेळ खेळेन का.

पहिल्या जातीतला सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे मोनोपॉली. फ्रेंड्सची मोनोपॉली आहे, स्ट्रेंजर थिंग्जची आहे, गेम ऑफ थ्रोन्सची पण आहे. मूळ खेळ १९३५ पासून विकला जातोय आणि आपण लहानपणी जो व्यापार खेळलो तो त्याचाच भाऊ, त्यामुळं नियम कुणाला शिकवावे लागत नाहीत, आजीसुद्धा बसते, हा मोठा फायदा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. पण मालिका त्यात कुठंच नाही. मुंबई-दिल्लीच्या जागी मालिकेतली ठिकाणं आली, सोंगट्या बदलल्या, बाकी भाडं घेणं आणि दिवाळं काढणं तेच. शिवाय ज्याचं दिवाळं आधी निघालं तो तासभर बाजूला बसून मोबाईल बघतो, हे घरच्या बैठकीत मला अजिबात पटत नाही.

क्लूडोचं तसं नाही. तो पण जुनाच, १९४९ साली इंग्लंडात आलेला, पण त्याचं हाडच डोकं लढवायचं आहे, कुणी केलं, कुठं केलं, कशानं केलं, दुसऱ्याच्या प्रश्नावरून आपण कागदावर खुणा करत शोधायचं. बिग बँग थिअरी आणि गेम ऑफ थ्रोन्स दोन्हींवर तो निघालाय. चित्रं कुठलीही लावा, शोधायची मजा तशीच राहते आणि चुकीचा आरोप केला नाही तर कुणी अर्ध्यात बाहेर बसत नाही. फोटो छापलेलाच घ्यायचा असेल तर मोनोपॉली सोडा, क्लूडो घ्या.

आता केबीसी. ३ जुलै २००० ला सुरू झालं तेव्हा रात्री नऊला गल्लीत माणूस दिसत नव्हता, आणि त्याच वर्षी पहिला करोडपती झाला तो आपला हर्षवर्धन नवाथे. नंतर मराठीत कोण होणार करोडपती आलं, २०१९ ला नागराज मंजुळेंनी केलं, तेव्हा आमच्या सासूबाई टीव्हीसमोरून उठायच्या नाहीत. त्यामुळं क्विझचा बॉक्स घ्यावा वाटणं साहजिक आहे. ही कल्पना काय नवीन नाही, अमेरिकेत जेपर्डी हा क्विझचा कार्यक्रम १९६४ ला सुरू झाला आणि त्याच वर्षी त्याचा घरी खेळायचा बॉक्स पण आला. पण क्विझच्या कुठल्याही बॉक्सची एक अडचण असते की प्रश्न मोजकेच असतात. आमच्याकडं एक होता, दोन महिन्यांत पोरांना उत्तरं अशी पाठ झाली की प्रश्न अर्धा वाचला की पर्याय ऐकायच्या आधीच लॉक किया जाए. तेव्हा मी काय केलं, लाईफलाईन आणि रकमांची पाटी तेवढी ठेवली आणि प्रश्न घरी लिहायला लावले. खासबाग मैदान कुणी बांधलं, शाहू महाराजांचा जन्म कधीचा, असले. पोरांनी प्रश्न काढायसाठी आजोबांकडं जाऊन बसायचं आणि आजोबांनी एवढ्या गोष्टी सांगायच्या की खेळ बाजूलाच राहायचा, ते दिवस मला फार आवडतात. म्हणजे केबीसीसाठी पैसे घालायची गरज नाही, वही आणि पेन पुरतं.

गेम ऑफ थ्रोन्सवाल्यांनी मात्र इथं नीट वाचा, कारण त्या नावाचे दोन मोठे खेळ आहेत आणि दोन्ही एकदम वेगळे आहेत. एक आहे अ गेम ऑफ थ्रोन्स द बोर्ड गेम, तो २००३ चा, दुसरी आवृत्ती २०११ ची. मालिका २०११ ला आली, म्हणजे हा खेळ मालिका ज्यांवरून निघाली त्या पुस्तकांवरचा आहे, ह्यात टीव्हीतल्या नटांचे चेहरे शोधू नका, मिळणार नाहीत. तीन ते सहा माणसं, स्टार्क, लॅनिस्टर वगैरे एकेक घराणं प्रत्येकाला. दर फेरीला सगळ्यांनी आपले हुकूम पालथे ठेवायचे, कुठून हल्ला, कुठं बचाव, कुणाला मदत, आणि मग एकदम उलटायचे. त्या क्षणाला कळतं की ज्या दिरानं मघाशी चहा पिता पिता शब्द दिला होता त्यानंच तुमच्यावर सैन्य घातलंय. दहा फेऱ्या होतात किंवा त्याआधी कुणी सात गड-किल्ले घेतले की संपतं. हे मालिकेच्या आत्म्याला धरून आहे, पूर्णपणे. पण तीन-चार तास जातात, नियम समजवायलाच पाऊण तास, आणि सहाजण असतील तरच नकाशा भरतो, तिघांत मजा निम्मी. पोरांना ह्यात बसवू नका, कंटाळतील.

दुसरा आहे कॅटानचा, ब्रदरहूड ऑफ द वॉच, २०१७ चा. कॅटान म्हणजे १९९५ चा जर्मन खेळ, लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज गोळा करायचं, एकमेकांत अदलाबदल करायची, रस्ते आणि वस्त्या बांधायच्या. ह्यात त्याला जोडून उत्तरेची भिंत आहे आणि पलीकडून रानटी टोळ्या येतात. आता भिंतीवर पहारेकरी ठेवायचा तर स्वतःचा माल घालवावा लागतो, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं ठेवावा. आपल्या तालीम मंडळाच्या वर्गणीचं जसं होतं तसंच, मंडप सगळ्यांना मोठा पाहिजे आणि पावती फाडताना सगळे शेजारच्याकडं बघतात. सगळ्यांनीच हात आखडला की भिंत फुटते. मला हे फार आवडलं, कारण मालिकेत राजे सिंहासनासाठी भांडत बसतात आणि भिंतीकडं कुणी बघत नाही, तोच मुद्दा एवढ्याशा नियमात पकडलाय. तीन-चार जणांत सव्वा-दीड तासात होतो, आठवी-नववीची पोरं आरामात खेळतात, आणि मालिका न बघितलेल्या माझ्या नणंदेनं पहिल्याच डावात आम्हाला हरवलं. जावेच्या घरासाठी माझं मत ह्यालाच.

तरी मालिकेवरचा सगळ्यात भारी खेळ कुठला विचारलं तर मी बॅटलस्टार गॅलॅक्टिका म्हणेन. मालिका २००४ ते २००९, खेळ २००८ चा, कोरी कोनिएच्का नावाच्या डिझायनरनं केलेला. लहानपणी आपण राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या खेळायचो ना, त्यातला चोर तीन तास लपून राहिला तर काय होईल, तसा हा खेळ आहे. सगळे अंतराळातल्या एकाच जहाजावर, इंधन, अन्न, मनोधैर्य, लोकसंख्या ह्यातलं काहीही शून्यावर आलं की माणसं हरली. पण टेबलावरचा कुणीतरी सायलॉन आहे, म्हणजे शत्रूचा माणूस. संकट आलं की प्रत्येकानं पत्ते पालथे टाकायचे, त्यात गठ्ठ्यातले आणखी दोन मिसळायचे आणि पिसून उघडायचे, म्हणजे घाण कुणी केली ते सांगता येत नाही, नुसतं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं. आणि अर्ध्या वाटेवर चिठ्ठ्या परत वाटतात. इतका वेळ जो इमानदारीनं खेळत होता त्यालाच कळतं की तू सायलॉन. माझ्या मिस्टरांना एकदा ती चिठ्ठी आली आणि त्यांनी तोंडावरची रेघ हलू दिली नाही, लग्नाला सतरा वर्षं झालीत तरी मला ओळखता आलं नाही, उलट मीच माझ्या सख्ख्या भावाला जहाजाच्या कोठडीत टाकलं. भाऊ अजून ते काढतो.

पाच माणसं असतील तर हाच घ्यायचा, पाचात दोन सायलॉन होतात आणि तोल एकदम बरोबर बसतो. अडचण ही की छपाई बंद झालीय, जुना बॉक्स मिळाला तरी पत्ते पूर्ण आहेत का ते मोजूनच पैसे द्या, आमच्या ओळखीतल्या एकाला बाहेरून मागवलेल्या जुन्या बॉक्समध्ये एक अख्खा गठ्ठा कमी आला. त्याऐवजी २०२१ ला आलेला अनफॅदमेबल बघा, सांगाडा तोच आहे, पण मालिका गेली आणि १९१३ सालचं समुद्रातलं जहाज आणि राक्षस आलेत. ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांना काहीच फरक पडणार नाही.

फायरफ्लाय ह्या अंतराळातल्या मालिकेवरचा पण चांगला आहे, २०१३ चा, जहाज घेऊन कामं मिळवत फिरायचं, पण लांबलचक आहे आणि प्रत्येकजण आपापलंच करत बसतो, बोलणं होत नाही, म्हणून मी पुढं ढकलते. आणि अगदी थोडक्यात भागवायचं असेल तर स्टार ट्रेक फ्लक्स, नुसता पत्त्यांचा गठ्ठा, नियमच खेळता खेळता पत्त्यांनी बदलतात, अर्ध्या तासाच्या आत डाव. एसटीत बसून पुण्याला जाता जाता खेळायला झकास, पण जमलेल्या घराला पुरत नाही.

तर जावेला मी कॅटानचाच सांगितलाय आणि क्विझसाठी दोनशे पानी वही. ती म्हणाली ह्यांना मोठाच पाहिजे, सहा घराण्यांचा. मग म्हटलं तो आमच्याकडं आहे, गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला या, तांबडा-पांढरा मी करते, सहावा माणूस मात्र तुम्ही आणा.