टाका की प्रोजेस्टेरॉन? गर्भपिशवीचं तोंड कमकुवत असेल तर

टाका म्हणजे पिशवीचं तोंड शिवून बंद ठेवणं, प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक. डॉक्टरांनी हे दोन पर्याय समोर ठेवले, की आधी मागच्या बाळंतपणांची हकीकत तारखांसकट लिहून काढा. निर्णय बराचसा तिथेच असतो.

चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता तोंड उघडलं आणि बाळ गेलं, असं झालं असेल तर पारडं टाक्याकडे झुकतं. तो साधारण 12 ते 14 आठवड्यांत, भूल देऊन घालतात. जगभर चालणारी ही शस्त्रक्रिया 1955 मध्ये मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मांडली, आज जास्त वापरली जाते ती मॅकडोनाल्ड यांची सोपी पद्धत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पाण्याची पिशवी फुटणं हे धोके थोडे, पण खरे आहेत. टाका 36-37 आठवड्यांत काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या तर लगेच काढावा लागतो, नाहीतर तोंड फाटू शकतं. त्यामुळे दवाखाना किती लांब आहे, हेही मोजा.

मागे असं काही घडलेलं नाही, पोटात एकच बाळ आहे आणि 24 आठवड्यांच्या आत योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तोंडाची लांबी 25 मिमी किंवा कमी आली, तर आधी प्रोजेस्टेरॉन. बहुधा 200 मिग्रॅ, रोज रात्री योनीमार्गात, 36 आठवड्यांच्या आसपासपर्यंत. भूल नाही, कापाकापी नाही. अंगावरून पांढरं जाणं वाढतं आणि एकही रात्र चुकवायची नसते. लांबी आणखी घटलीच, तर टाक्याचा विचार तेव्हाही करता येतो.

खरी ओढाताण होते ती मधल्या बाईची: आधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं आणि आता तोंडही आखूड. तिथे दोन्ही उपाय जवळपास सारखेच उपयोगी दिसतात, म्हणून तिच्या मनाचा कौल मला महत्त्वाचा वाटतो.

खालून घातलेला टाका पूर्वी निकामी ठरला असेल तर पोटातून घालतात. मग बाळंतपण सिझेरियननेच. तोंडाभोवती बसवायची सिलिकॉनची रिंग मी यादीत धरणार नाही: 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, बाळं दगावण्याचं प्रमाण मात्र जास्त निघालं. जुळ्यांचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्र विचारा.

आणि घरच्यांनो, तिला महिनोन्‌महिने खाटेवर झोपवून ठेवू नका. त्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असं दिसलेलं नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. मागचं बाळ ती जिना चढली म्हणून गेलेलं नाही, हेही तिला एकदा स्पष्ट सांगा.