६०१ लेक्झिंग्टन अव्हेन्यू, म्हणजेच जुने सिटीकॉर्प सेंटर: वापरानंतरचा अनुभव

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, ५३ व्या आणि ५४ व्या रस्त्यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या या ५९ मजली इमारतीत मी गेल्या हिवाळ्यापासून काम करतो आहे. १९७७ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा तिचे नाव सिटीकॉर्प सेंटर होते. पुढे मालक बदलले, पाटी बदलली, पण जुने न्यूयॉर्कवासी तिला अजूनही त्याच नावाने ओळखतात. तिच्याविषयी जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर १९७८ च्या एका अभियांत्रिकी संकटावरच खर्ची पडतो. ते संकट मोठे होते आणि त्याबद्दल मीही लिहिणार आहे. परंतु येथे दिवसाचे आठ-नऊ तास बसणाऱ्या माणसाचा अनुभव त्यातून कळत नाही. माझे मत आधीच नोंदवतो: रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी ही इमारत कमालीची उदार आहे, आत काम करणाऱ्यासाठी मध्यम आहे, आणि या दोन्हींचे मूळ जमिनीच्या व्यवहारातील एका अटीत आहे.

या जागेच्या वायव्य कोपऱ्यावर सेंट पीटर्स हे लुथेरन पंथाचे चर्च १९०५ पासून उभे होते. सिटीकॉर्प या बँकसमूहाला मनोऱ्यासाठी ती जागा हवी होती. चर्चने ती विकण्याची तयारी दाखवली, पण त्याच कोपऱ्यावर नवे, स्वतंत्र चर्च बांधून मिळावे आणि मनोऱ्याचा एकही खांब त्यातून जाऊ नये, असे करारात लिहून घेतले. (पुनर्विकासाचे करार वाचून डोळे शिणलेल्या मुंबईकरांना या धर्मगुरूंच्या व्यवहारचातुर्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.) कोपऱ्यात चर्च, म्हणजे कोपऱ्यात खांब नाही. वास्तुरचनाकार ह्यू स्टबिन्स आणि संरचना अभियंता विल्यम लेमेझ्युरिए यांनी यावर शोधलेला मार्ग असा की, चौरंगाचे पाय कोपऱ्यांतून काढून चारही बाजूंच्या मध्यावर बसवावेत. हे चार खांब सुमारे ३५ मीटर उंच असून प्रत्येकाची रुंदी सुमारे ७ मीटर आहे. त्यांच्या वर सुरू होणाऱ्या मनोऱ्याचे कोपरे दोन्ही बाजूंना सुमारे २२ मीटरपर्यंत अधांतरी पुढे आलेले आहेत, आणि त्यांतल्या एका कोपऱ्याखाली चर्च आहे.

भुयारी रेल्वेतून उतरून रस्त्याच्या पातळीखालच्या चौकात आले की या निर्णयाचा लाभ प्रथम जाणवतो. मॅनहॅटनमधील बहुतेक उंच इमारती पदपथालाच भिंत लावून उभ्या असतात. येथे डोक्यावर २७९ मीटरची इमारत असूनही चौकात उजेड पोहोचतो, वारा खेळतो आणि समोरच्या रस्त्यावरचे आकाश दिसते. चर्चची उंच खिडकी रस्त्याकडे उघडी असल्यामुळे कामावर जाता-जाता आतली बाकेही दिसतात. हे चर्च शहरातील जॅझ वादकांचे हक्काचे ठिकाण मानले जाते, आणि शिल्पकार लुईझ नेव्हेल्सन यांनी घडवलेले पांढरे छोटे प्रार्थनागृहही तेथेच आहे. चौकातला धबधबा मात्र आता नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये इमारतीला शहराचा वारसा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी नूतनीकरणात तो धबधबा पाडण्यात आला. नवा चौक स्वच्छ आहे, बसायला जागा आहे, तरीही वाहनांचा आवाज बुडवण्याचे जे काम पाणी करीत असे, ते आता कोणीच करीत नाही.

आत शिरल्यावर पहिली अडचण लिफ्टची. येथील लिफ्ट दुमजली आहेत, म्हणजे एकाच शाफ्टमध्ये एकावर एक असे दोन डबे जोडीने वर-खाली जातात, आणि आपला मजला सम की विषम यावरून कोणत्या पातळीवरून चढायचे हे ठरते. शाफ्टची संख्या कमी राहते आणि मजल्यावर वापरायला अधिक जागा उरते, हा त्याचा फायदा. तोटा असा की, आपल्या डब्यातून कोणी चढत-उतरत नसतानाही लिफ्ट मध्येच थांबते, कारण खालच्या किंवा वरच्या डब्यातील कोणाला तरी उतरायचे असते. दार उघडत नाही आणि थांबण्याचे कारणही दिसत नाही. पहिले काही आठवडे ही स्तब्धता अस्वस्थ करते, नंतर सवय होते. भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना मात्र दर वेळी सारे समजावून सांगावे लागते.

मजले चौरस आहेत, प्रत्येक बाजू सुमारे ४८ मीटरची. गाभ्यात लिफ्ट आणि जिने असल्यामुळे भोवतालची जागा बऱ्यापैकी मोकळी आहे, पण गाभ्याजवळच्या मेजांपर्यंत दिवसाचा उजेड फारसा पोहोचत नाही. खरी गंमत काठावर आहे. भार कोपऱ्यांकडून बाजूंच्या मध्यावर आणण्यासाठी लेमेझ्युरिए यांनी प्रत्येक बाजूला व्हीच्या आकाराचे प्रचंड पोलादी कर्ण वापरले. आठ-आठ मजल्यांचा एक असे त्यांचे सहा थर आहेत. हे कर्ण बाहेरून दिसावेत अशी त्यांची इच्छा होती. स्टबिन्स यांनी ते ॲल्युमिनियम आणि काचेच्या गुळगुळीत आडव्या पट्ट्यांआड झाकले. त्यामुळे रस्त्यावरून इमारत निव्वळ पट्टेदार खोका वाटते. आत मात्र खिडकीसमोरून तिरपा, आच्छादित पोलादी वासा गेलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी सरळ कपाट बसत नाही. थराच्या तळाच्या मजल्यावर हे कर्ण बाजूच्या मध्याजवळ असतात, वरच्या मजल्यांवर कोपऱ्यांकडे सरकतात. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच दिशेची जागा मजल्यागणिक वेगळी. माझ्या मते हा दोष नाही. कर्ण उघडे ठेवले असते तर आत बसणाऱ्याला निदान त्यांचे प्रयोजन कळले असते, एवढेच म्हणेन.

या रचनेमुळे पोलाद कमी लागले आणि इमारत उंचीच्या मानाने हलकी झाली. हलकी इमारत वाऱ्यात अधिक डोलते. म्हणून माथ्यावर सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर ठेवलेला आहे. इमारत एका बाजूला झुकू लागली की हा ठोकळा जडत्वामुळे मागे राहतो आणि त्याला जोडलेल्या यंत्रणेमुळे डोलणे जवळपास निम्म्याने घटते. अमेरिकेतील उंच इमारतींमध्ये असे यंत्र बसवण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. हिवाळ्यातील वादळी दिवशी वरच्या मजल्यावर बारीक कुरकुर ऐकू येते, पण मळमळ वगैरे मला कधी झालेली नाही.

आता १९७८. मूळ आराखड्यातील कर्णांचे सांधे वेल्डिंगने जोडायचे होते. बांधकामात खर्च वाचवण्यासाठी त्याऐवजी तुलनेने कमी मजबूत नट-बोल्ट वापरले गेले. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमांना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब पुरेसा होता. इमारतीत लोक काम करू लागल्यानंतर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांच्या निमित्ताने लेमेझ्युरिए यांनी कोपऱ्यावर आदळणाऱ्या वाऱ्याचे गणित पुन्हा मांडले आणि काही कर्णांवरील ताण ४० टक्क्यांनी, तर सांध्यांवरील भार १६० टक्क्यांनी वाढतो असे त्यांना आढळले. म्हणजे जोरदार वादळात इमारत कोसळण्याची भीती होती, आणि वादळात वीज गेली तर ठोकळ्याची यंत्रणाही बंद पडणार होती. मग त्या ऑगस्टपासून रात्रीच्या वेळी कार्यालयांतील आच्छादने फोडून, २०० हून अधिक सांध्यांवर सुमारे ५ सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या वेल्डिंगने बसवण्यात आल्या, आणि सकाळी कर्मचारी येण्यापूर्वी सारे झाडून-पुसून ठेवले जाई. एला नावाचे चक्रीवादळ शहराच्या रोखाने येत होते, ते समुद्राकडे वळले. वृत्तपत्रांचा संप चालू असल्यामुळे चौकशी झाली नाही आणि सगळी हकीकत १९९५ मध्ये उजेडात आली.

ही कथा सहसा अभियंत्याच्या सचोटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्यांनी स्वतःहून दोष पुढे आणला, हे खरेच मोठे. पण त्याच मजल्यांवर बसणारा मनुष्य म्हणून मला यातील दुसरी बाजू अधिक टोचते: शहराचे अधिकारी गुपचूप लोकांना हलवण्याच्या योजना आखत होते, आणि रोज येथे येणाऱ्यांना धोक्याची खरी कल्पना कोणी दिली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील अभियंत्यांनी आधुनिक पद्धतीने गणित केले, तेव्हा कोपऱ्यावरचा वारा समोरच्या वाऱ्यापेक्षा घातक नव्हता असे त्यांना दिसले. त्यामुळे भीती बरीच ओसरते; लपवाछपवीचे समर्थन होत नाही. आजची इमारत त्या दुरुस्तीमुळे अतिशय भक्कम समजली जाते आणि माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

माथ्याच्या ४५ अंशांच्या उताराविषयी सर्वजण विचारतात. प्रथम तेथे पायऱ्यापायऱ्यांची घरे होणार होती, ती परवानगी मिळाली नाही; मग उताराचे तोंड दक्षिणेला करून सौर उपकरणे बसवण्याचा विचार झाला, तोही सोडून दिला गेला. उरला तो केवळ आकार, आणि त्या आकारावरूनच ही इमारत कित्येक मैलांवरून ओळखू येते.

येथे जागा घेण्याचा विचार करणाऱ्यांनी आपला मजला आठांच्या थरात कितवा आहे हे आधी विचारून घ्यावे आणि कर्ण कोठून जातात हे प्रत्यक्ष पाहूनच मेजांची मांडणी ठरवावी. शक्य असल्यास कोपऱ्याजवळची जागा मागावी, कारण तेथे दोन बाजूंचा उजेड मिळतो.