सहा महिन्यांच्या लायसन्सवर वर्षाची तारीख

7,750 रुपये. त्यातले 1,350 ‘फॉर्म आणि फी’चे, 600 डॉक्टरांच्या सहीचे, 2,300 ‘दोन्ही गाड्यांची परीक्षा, अर्जंट’चे आणि 3,500 पक्क्या लायसन्सचे आगाऊ. पहिले दोन हप्ते रोख दिले, पुढचे दोन फोनवरून. त्याच्या बदल्यात झेरॉक्सच्या दुकानातल्या एजंटने शिकाऊ लायसन्स म्हणून एक लॅमिनेट केलेला कागद दिला, आणि तो खोटा निघाला. लिहिताना अजून हात थरथरतो, पण साताऱ्यात आणखी कुणी त्या दुकानाची पायरी चढू नये म्हणून लिहिते आहे.

माझे मिस्टर गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांची स्कूटर आणि कार दारात उभी होती. मी राहते करंज्यात, आणि आमच्या पतसंस्थेची शाखा आहे कोरेगावला. सकाळची एसटी चुकली की रोज कुणाच्या तरी मागे लागायचं. मुलगी पुण्याला नोकरीला. ती म्हणाली, आई, सेहेचाळीस हे काही शिकायचं वय गेलेलं नाही. म्हणून ठरवलं, दोन्हीचं लायसन्स काढायचं.

मला परीक्षा चुकवायची नव्हती, हे आधी स्पष्ट सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं हेच म्हणतो, ‘शॉर्टकट मारायला गेलात ना?’ पंधरा दिवस रात्री जेवणं उरकल्यावर मी वही घेऊन बसत होते. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे ते केलंच पाहिजे, उलटा त्रिकोण म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या. रुग्णवाहिकेला वाट, झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याला आधी. 15 प्रश्नांपैकी 9 बरोबर यावे लागतात, माझे सरावात तेरा-चौदा येत होते. एजंटकडे गेले ती फक्त अर्ज भरायला. आधार, ओटीपी, फोटो अपलोड, हे मला एकटीला जमेल असं वाटलं नाही. शेजारच्या वहिनींच्या मुलाचं लायसन्स त्याच झेरॉक्सच्या दुकानातून निघालं होतं, आणि ते खरं होतं. मग मी संशय कशावरून घ्यायचा?

पोरगा तिशीच्या आतला, गोड बोलणारा. ‘काकू, तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी माझ्यावर सोडा.’ मी सांगितला. (ओटीपी कुणालाही सांगू नका. शेजारी उभ्या असलेल्या माणसालासुद्धा नाही. स्वतःच्या बोटाने टाका.) चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, हे खरंच आहे. पण डॉक्टरांनी समोर बसवून डोळे तपासायला नकोत का? मी डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नाही आणि 600 रुपये मोजले. तिथेच उठायला हवं होतं.

आधारवरून अर्ज केला तर परीक्षा घरबसल्या कॅमेऱ्यासमोर देता येते. तो म्हणाला, सर्व्हर चालू झाला की फोन करतो, लॅपटॉप घेऊन बसा. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी म्हणाला, ‘रात्री लाइन मिळाली, मी देऊन टाकली तुमची परीक्षा. पास झालात काकू!’ मी चिडले. म्हटलं, अभ्यास मी केला, परीक्षा तू कशी दिलीस? तर म्हणे, आता सगळे असंच करतात, रद्द केली तर पैसे परत भरावे लागतील. आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद हातात दिला. माझा फोटो, माझं नाव, खाली मुदत: 14/03/2025 ते 13/03/2026.

एक वर्ष.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते. हा प्रश्न माझ्या वहीत होता. उत्तराला मी लाल पेनने गोल केलेला होता. पतसंस्थेत मी रोज ठेवींच्या पावत्यांवरच्या तारखा तपासते, एक दिवस इकडेतिकडे झाला तर कागद परत पाठवते. आणि स्वतःच्या लायसन्सवरची तारीख वाचून मला वाटलं, बरं झालं, शिकायला भरपूर वेळ मिळाला. त्या क्षणाची इतकी चीड येते की रात्री झोपेतून उठून ती वही काढते आणि तो लाल गोल बघते. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला 3,500 पाठवले.

त्या कागदावर मी चाळीस दिवस स्कूटर शिकले. ‘एल’ची पाटी लावून, मागे भाच्याला बसवून, सगळे नियम पाळून. विनालायसन्स गाडी चालवली तर 5,000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, कुणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने मला उभं केलं असतं का?

पक्क्या चाचणीची वेळ तीस दिवसांनंतर घेता येते. ती घ्यायला आरटीओत गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने नंबर टाकला आणि म्हणाला, हा नंबर एका पुरुषाच्या नावावर आहे. मागच्या रांगेतल्या लोकांसमोर म्हणाला. वर मलाच झापलं, ‘एजंटकडे जायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ अहो, फाटकाबाहेर टेबलं टाकून ओळीने बसलेत ते कुणाच्या परवानगीने? तुमच्या डोळ्यांसमोर बसतात ना ते? लेखी तक्रार घ्या म्हटलं तर साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेले तर साहेब रजेवर. तिसऱ्यांदा म्हणाले, हा आमचा विषय नाही, पोलिसांकडे जा.

पोलीस ठाण्यात म्हणे दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणे पैसे फोनवरून गेलेत, सायबरला जा. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे रोख रकमेचं आम्ही काही करू शकत नाही, आणि बाकीच्याला फार उशीर झाला. परत ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाला, ‘मॅडम, साडेसात हजारांसाठी कुठं कोर्टकचेऱ्या करता?’ 7,750, मी म्हटलं. माझा अर्ध्या महिन्याचा पगार आहे तो. भाचा वकिली शिकतो, त्याने सांगितलं की हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. मी ते कागदावर लिहून नेलं, टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे अर्ज घेतला. पोच मागितल्याशिवाय उठू नका. मी दोन वेळा पोच न घेता उठले होते, ते दोन्ही अर्ज आता कुणाला सापडत नाहीत.

खरी फी ऐका. शिकाऊ लायसन्सला प्रत्येक प्रकारच्या गाडीचे 150 आणि परीक्षेचे 50. पक्क्याला चाचणीचे प्रत्येकी 300 आणि लायसन्सचे 200. पावती सरकारी हवी, वहीच्या पानावरची नको. अर्ज खरा असेल तर अर्ज क्रमांक तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. मला तो कधी आलाच नाही आणि मी विचारलंही नाही. तो क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज कुठवर आला ते स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवरचा फोटो बघू नका. आणि रोख देऊच नका.

मी मागच्या महिन्यात मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन अर्ज स्वतः भरला. पाऊण तास लागला. परीक्षेत 14 बरोबर आले. नव्या कागदावरची मुदत मी तीनदा वाचली, सहा महिनेच आहे.

दुकानाचं शटर आता बंद असतं, त्याचा फोनही लागत नाही. पण माझ्यासारखे कागद त्याने आणखी कितीजणांना दिले असतील. तुमच्याकडच्या शिकाऊ लायसन्सवर सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत असेल तर ते घेऊन गाडी काढू नका, आजच तपासा. त्याच्याकडचं निघालं तर मला गाठा. माझ्या अर्जाला पोच आहे, त्याच्याबरोबर तुमचाही अर्ज जोडू. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो, हे मी पाहिलंय.