१८ सेंटिमीटर की ४० सेंटिमीटर: व्हीलचेअरवरून कॅथेटर वापरण्याचा ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या कॅथेटरच्या, म्हणजे लघवी काढण्याच्या नळीच्या, पुरवठादाराने माझी मागणी मला न विचारता बदलली. मी १२ नंबर जाडीच्या, ४० सेंटिमीटर लांबीच्या नळ्या मागवल्या होत्या आणि खोक्यातून निघाल्या १८ सेंटिमीटरच्या. फोन केल्यावर उत्तर मिळाले की नोंद स्त्रीच्या नावावर आहे आणि लांब नळी पुरुषांची मानली जाते, त्यामुळे लांबी चुकून लिहिली गेली असावी असे समजून त्यांनी ती दुरुस्त केली. नव्या खोक्याला १६ दिवस लागले. त्या काळात माझे लघवी काढणे दिवसातून पाच-सहा वेळांवरून पुन्हा तीन वेळांवर आले आणि शेवटी गढूळ लघवी, ताप आणि पायांतले वाढलेले झटके घेऊन मला डॉक्टरांकडे जावे लागले. संसर्गाला एकच एक कारण असते असे मी म्हणणार नाही. पण त्याआधीचे सहा महिने मला एकही प्रतिजैविक लागले नव्हते, हे माझ्या वहीत लिहिलेले आहे.

माझी मज्जारज्जूची इजा टी-१० पातळीवरची, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्याजवळची, आहे आणि हात पूर्ण चालतात. मूत्राशयाचे नियंत्रण मज्जारज्जूच्या अगदी खालच्या, एस-२ ते एस-४ या भागातून होते आणि माझी इजा त्याच्या वर असल्यामुळे मूत्राशय मनाला येईल तेव्हा आकुंचन पावते, त्याच वेळी खालचा स्नायू मात्र सैल पडण्याऐवजी आवळला जातो. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि आतला दाब वाढतो. हा दाब दीर्घकाळ ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षा जास्त राहिला तर मूत्रपिंडांना धोका असतो, हे युरोडायनॅमिक चाचणीच्या, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजण्याच्या, दिवशी मला नीट समजावून सांगितले गेले. सुरुवातीला फोली, म्हणजे टोकाच्या फुग्यामुळे मूत्राशयात टिकून राहणारी नळी, होती; ती निघाल्यावर मूत्राशयाचे आकुंचन कमी करणारी ऑक्सिब्युटिनिनची गोळी आणि ठरावीक वेळी स्वतः कॅथेटर घालणे असे सुरू झाले. गोळीने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठता वाढते. ते मी सहन करते, कारण गळती खरोखर कमी झाली आहे.

पहिल्या तीन महिन्यांत कोणी विचारले असते तर मी त्या आखूड नळीला पूर्ण गुण दिले असते. ती तळहाताएवढ्या वेष्टनात येते, आत पाणी आधीच असल्याने नळीवरचा लेप ओला आणि निसरडा असतो, जेली लागत नाही, पर्समध्ये ठेवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आरशाशिवाय, केवळ बोटाने जागा ओळखून नळी घालायला मला सुमारे पाच आठवड्यांत जमू लागले. स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटरच असतो, त्यामुळे १८ सेंटिमीटर पुरेसे आहेत, हे शरीररचनेच्या हिशेबाने बरोबरच आहे.

तो हिशेब कमोडवर बसलेल्या स्त्रीचा आहे, हे मला फार उशिरा कळले. व्हीलचेअरवर बसून ही नळी सात-आठ सेंटिमीटर आत गेली की उरते फक्त दहाएक सेंटिमीटर, त्यातली काही बोटांच्या पकडीत जाते आणि नळीचे टोक मांड्यांमध्ये, गादीवरच राहते. ते ना बाटलीपर्यंत पोहोचते, ना भांड्यापर्यंत. म्हणून प्रत्येक वेळी खुर्ची लावायची, ब्रेक लावायचे, हातांच्या जोरावर कमोडवर सरकायचे, एकेका कुशीवर कलत कपडे खाली करायचे, पायांना झटका आला तर तो ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग हेच सगळे उलट क्रमाने करायचे. मला एका वेळी सुमारे २५ मिनिटे लागत होती. दिवसातून पाच वेळा म्हणजे दोन तासांहून अधिक, आणि हा सगळा भार खांद्यांवर, ज्यांच्यावर माझे उरलेले आयुष्य अवलंबून आहे. सरकताना कातडी घासली जाण्याची भीती वेगळीच. मी काय केले, तर पाणी कमी प्यायले आणि वेळा पुढे ढकलल्या. त्या काळातल्या नोंदींमध्ये एका वेळची लघवी ६०० आणि ७०० मिली अशी दिसते. मला मर्यादा सांगितली होती ४०० ते ५०० मिलीची.

मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये निर्जंतुक न करता केवळ स्वच्छ हातांनी आणि स्वच्छ नळीने लघवी काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांचे म्हणणे हेच होते की खरा शत्रू ताणलेले मूत्राशय आहे, कारण ताणामुळे त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना वाव मिळतो. मी मात्र महाग, निर्जंतुक, लेप दिलेली नळी वापरून मूत्राशय ताणतच राहिले होते.

लांब नळी मला सुचवली पुनर्वसन विभागातील एका अनुभवी सिस्टरनी. वेष्टनावर ती पुरुषांसाठी असल्याचे लिहिलेले पाहून मी आधी नकारच दिला होता. आता मी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकते, पुढून उघडणारे कपडे वापरते, नळीचे मागचे टोक आधीच बाटलीत किंवा भांड्याच्या काठाच्या आत सोडते आणि मगच पुढचे टोक घालते. टोक मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली असले की बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते. हात धुण्यापासून कपडे नीट करण्यापर्यंत आठ मिनिटे लागतात. पहिल्याच आठवड्यात वेळा तीनवरून सहावर गेल्या आणि नोंदीतले आकडे ३०० ते ४०० मिलीवर आले. पाणी मी पुन्हा दिवसाला दोन लिटरच्या आसपास पिऊ लागले. एक काळजी मात्र अवश्य घ्यावी लागते: लघवी सुरू झाल्यावर दोन-तीन सेंटिमीटरच पुढे जावे आणि उरलेली लांबी बाहेरच ठेवावी, कारण फार आत ढकललेली नळी मूत्राशयात वेटोळे घेऊ शकते आणि क्वचित तिची गाठही बसू शकते. काढताना घाई करू नये. धार थांबली की नळी थोडी मागे घेतल्यावर पुष्कळदा आणखी लघवी येते.

लेपाबद्दल माझे मत दोनदा बदलले. लांब नळी आधी मी साधी, बिनलेपाची घेतली, खर्च वाचावा म्हणून. जेली लावून तीही चांगली चालते; पण जेली बोटांना लागली की खुर्चीच्या चाकाची पकड सुटते, आणि बाहेर असताना हात पुन्हा धुण्याची सोय नेहमी नसते. म्हणून मी सगळ्याच लेपाच्या नळ्या मागवल्या आणि लवकरच माझ्या लक्षात आले की मी मनातल्या मनात नळ्या मोजू लागले आहे. महाग नळी शिल्लक राहावी म्हणून संध्याकाळची वेळ टाळावीशी वाटे. धुऊन पुन्हा वापरण्याचा विचारही आला, परंतु वेष्टनावरचे काट मारलेले २ हे चिन्ह एकदाच वापरा असे स्पष्ट सांगते आणि ओला लेप धुऊन टिकवण्यासाठी केलेलाच नसतो. आता घरी साधी आणि बाहेर लेपाची, दोन्ही एकदाच वापरून टाकायच्या, अशी वाटणी केली आहे. काटकसर नळीच्या प्रकारात करावी, वेळांच्या संख्येत करू नये, एवढे मी स्वतःपुरते पक्के ठरवले आहे.

पुरवठादारावर मी फार चिडले होते, तरी त्यांच्या सावधगिरीमागे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. स्त्रियांच्या लांबीची फोली पुरुषाला घातली तर तिचा फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि गंभीर इजा होते; ब्रिटनमध्ये २००९ साली याबद्दल अधिकृत इशारा द्यावा लागला होता. आखूड फोली पुरुषाला धोक्याची आहे, त्यामुळे लांबी तपासलीच पाहिजे. परंतु लांब नळी स्त्रीने वापरली तर ती चूक ठरत नाही, आणि शंका आली तर एक फोन करता आला असता. वेष्टनावर स्त्री-पुरुष लिहिण्याऐवजी नुसती लांबी ठळक छापली, तर व्हीलचेअरवरच्या किती तरी जणींना हा पर्याय आहे हे तरी कळेल. ज्यांची इजा टी-६ किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्यासाठी तर ही वाचलेली १५-१७ मिनिटे फार मोलाची आहेत, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे त्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो.

लांब नळीचा एक दोष मला अजून सोडवता आलेला नाही. लेपाच्या लांब नळीचे वेष्टन पिशवीत दुमडावे लागते आणि दुमडलेल्या जागी आतली पाण्याची पुडी दोनदा वेळेआधीच फुटली. अशी नळी मी वापरत नाही, फेकून देते. रात्रीची अडचण मात्र नळीची नव्हती: दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्राशय भरते, म्हणून संध्याकाळी तासभर पाय वर ठेवून झोपण्यापूर्वी शेवटची वेळ घेते. नुकत्याच झालेल्या वार्षिक सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज नाही. पुढच्या मागणीच्या कागदावर मी लांबीसमोर डॉक्टरांची सही घेतली आहे आणि खाली लिहिले आहे: रुग्ण स्त्री आहे, व्हीलचेअर वापरते, ४० सेंटिमीटरच पाठवावे.